चुलीवरची बंदूक

आईची भाकरी आधी ऐकू यायची आणि मग ताटात दिसायची. परातीत तांदळाच्या पिठाचा गोळा पडला की तिचा उजवा तळवा त्यावर बसे आणि थप थप थप असा आवाज सुरू होई. भाकरी मोठी होत जाई तसा तो मऊ होत जाई, मग ती तव्यावर पडून वरून पाण्याचा हात फिरला की चर्र व्हायचं, आणि लगेच पुढच्या गोळ्याची थपथप. आमचं घर मळवलीच्या स्टेशनापासून ओढा ओलांडून डोंगराच्या अंगाला होतं. पुढे ओसरी, मागे स्वयंपाकघर, आणि दोन्हींच्या मध्ये कारवीच्या काटक्यांच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली भिंत. भिंत आपलं म्हणायचं. तिच्यातून धूर येई, फोडणीचा वास येई, आणि इकडे ओसरीवर काय बोलणं चाललंय ते तिकडे आईला सगळं कळे. आबांशी बोलायला कोणी चार माणसं येऊन बसली की आई कोणी न सांगता डब्यातून पीठ वाढवून घ्यायची. आबा म्हणजे माझे वडील. सगळा गाव त्यांना आबाच म्हणे, त्यांचे धाकटे भाऊ, आमचे नाना, तेसुद्धा.

आईचा उजवा हात मी जितका पाहिला तितका दुसऱ्या कोणाचाच पाहिला नाही. मी तेव्हा परकर-पोलक्यातली पोर होते आणि तिच्याजवळ पाटावर बसून भाकरी शिकत होते. माझी भाकरी दर वेळी एका बाजूला चिरायची. आई म्हणे, "जोर नगं लावू. हात नुसता ठेवायचा, पीठ आपसूक पसरतं." तिचं पसरे, माझं पसरत नसे. आज माझ्या घरी गॅस आहे, नातसुनेनं पोळ्यांचं यंत्र आणून ठेवलं आहे, पण कोणाच्या घरी भाकरी थापल्याचा आवाज आला की मी अजून बोलता बोलता थांबते.

बंदूक आमच्याकडे आली ती डुकरांमुळे. आमचं भात डोंगराच्या पायथ्याला, आणि भादव्यात ते पोटरीत आलं, पोटात कणीस धरू लागलं की रानडुकरं उतरायची. एका रात्रीत वावर असं लोळवून टाकायची की कणीस हाती लागू नये. आबा मचाण बांधत, डबे वाजवत, टेंभे लावत. मग कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की पिकाच्या राखणीसाठी सरकार लायसन देतं. वडगावच्या कचेरीत खेपा घालून त्यांनी ते मिळवलं, आणि लोणावळ्याच्या एका बंगल्यातला म्हातारा साहेब सामान आवरून जात होता त्याच्याकडून ठासणीची बंदूक घेतली. नळीच्या तोंडातून दारू घालायची, चिंधी कोंबायची, वर शिसं, परत चिंधी, आणि गजाने ठासायचं. मागे घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की बार. एवढं साहेबानं दाखवलं. भरलेली बंदूक न उडवता रिकामी कशी करायची हे त्यानं दाखवलं नाही, आणि आबांनी विचारलं नाही. घोडं घ्यायचं म्हटलं असतं तर आबांनी त्याचे दात मोजले असते, खूर पाहिले असते, दहा जणांना विचारलं असतं. बंदूक मात्र खांद्यावर टाकून ते फेटा नीट करत घरी आले.

पहिली शिकार त्यांनी स्वतःच्या कोटाची केली. संध्याकाळच्या अंधुक उजेडात बांधावरून काहीतरी हलताना दिसलं, त्यांनी बार काढला आणि धक्क्याने स्वतः चिखलात बसले. सकाळी पाहिलं तर बुजगावण्याला घातलेल्या त्यांच्या जुन्या कोटाची छाती फाटली होती. नाना महिनाभर येईल-जाईल त्याला सांगत सुटले, "आमच्या आबांचा नेम लय पक्का. सोताच्या काळजावर धरला." आबाही हसत. तो कोट कोणी राखणदाराने अंगात घातला असता तर, हा विचार त्या हसण्यात कोणाच्याच मनात आला नाही. एकट्या आईच्या आला होता. ती आबांना म्हणाली, "अवं, मानूस असतं तितं, मंग?" आबा म्हणाले, "मानूस कसं असंल? मी बघून मारतो."

बंदूक घरात आली आणि घरातल्या वस्तूंसारखी वागवली जाऊ लागली. आबा तिला टेकून बांधावर उभे राहत. पाहुणे आले की हातोहात फिरे. कोणी नळीला डोळा लावून आत बघे, कोणी तिने उंचावरचं फळ झोडपे. ओसरीवर ती भिंतीला टेकून असे आणि दमून आलेला माणूस तिच्यावर पागोटं अडकवून ठेवी. बाळू, माझा धाकटा भाऊ, अजून नीट बोलत नव्हता, पण "धडाम" म्हणायला शिकला होता.

मावळातल्या पावसाबद्दल मावळच्या माणसाने काय सांगायचं! चार महिने घरात काही कोरडं राहत नाही. मीठ पाणी होऊन वाहतं, पापड सादळतात, पांघरुणाला बुरा येतो. म्हणून जे जे वाळवायचं ते आमच्याकडे चुलीवर जातं. चुलीच्या वर छपराला दोन खुंट्या मारलेल्या होत्या, त्यांवर ओली घोंगडी, सरपण, बियाणाची मक्याची कणसं, काहीही टांगलेलं असे. त्या वर्षी भात पोटरीत आल्यावर आबांनी बंदूक भरली. डुकरासाठी म्हणून छर्रे नाहीत, शिशाचे जाड तुकडे घातले. डुकरं नेमकी पलीकडच्या शिवारात उतरली. बार उडवायचा राहून गेला, दारू सादळेल म्हणून आबांनी टोपी काढून ठेवली आणि भरलेली बंदूक चुलीवरच्या खुंट्यांवर आडवी ठेवून दिली.

आई त्या दिवशी आबांशी जेवढं बोलली तेवढं एरवी आठवड्यात बोलत नसे.

"माज्या चुलीवर नगं ती. खाली जाळ हाय, वर दारू."

"अगं, टोपी काढली की बंदूक मेली. बिनटोपीची बंदूक म्हंजे दात पाडल्याला साप."

"मंग जित्ती न्हाई तर हितं कशाला? नळीत तांब्याभर पानी वता आन ठिवा कोपऱ्यात."

आबा खो खो हसले. "बंदूक काय दुधाचं भांडं हाय व्हय, इसळायला? गंजंल की."

"गंजू द्या."

"दिवाळी हू दे. भात झोडून झालं का उडवून टाकतो बार, मंग काढतो हितनं. झालं?"

पण त्या दिवसापासून आई चुलीपुढे बसायची ती जरा सरकून, खुंट्यांच्या खालून बाजूला. तिच्या मनात धास्ती होती ती वरची.

दसऱ्याला पाऊस गेला नव्हता. अंगणात विळे, कोयते, नांगराचा फाळ यांच्याबरोबर बंदुकीची पूजा झाली. आईनेच तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मग आबा ती घेऊन शिलंगणाला गावच्या शिवेवर गेले. आपट्याची पूजा झाली की आकाशात बार काढायचा असा त्यांचा बेत. आठवडाभर त्यांनी तो गावात सांगून ठेवला होता. आम्ही पोरंसोरं कानांत बोटं घालून उभी. आबांनी टोपी बसवली, बंदूक वर धरली, घोडा ओढला. चट्. दुसरी टोपी. चट्. तिसरीही चट् म्हणून विझली. गावात हशा पिकला. नाना म्हणाले, "आबा, ही बी सादळली. पापडासंगं तळा आता." आबांच्या जवळच्या टोप्या तिथंच संपल्या. घरी आल्यावर त्यांनी ओली बंदूक पुसली न पुसली आणि रागाने परत चुलीवर नेऊन ठेवली. "शेकू दे रांडेला," म्हणाले.

तेव्हापासून घरात ती "मेलेली बंदूक" झाली. तिच्या पोटात अजून सगळं तसंच आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी लपवलं नव्हतं. पण शिवेवर सगळ्या गावासमोर ती फुसकी निघाली होती, आणि एकदा हसं झालेल्या वस्तूची कोणी भीती धरत नाही. पाऊस उघडला. खाली रोजचा जाळ चालू होता. दसरा ते दिवाळी त्या चुलीवर आईने किती भाकऱ्या भाजल्या असतील! प्रत्येक भाकरीच्या जाळाने नळीतली दारू थोडी थोडी वाळत होती.

त्या वर्षीच्या वैशाखात आक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्न झालं होतं. दाजी लोणावळ्याला रेल्वेत फिटर होते. सडपातळ, लाजरे, बोलणं शहरी. त्यांचा आमच्याकडे हा पहिला दिवाळसण. आई आठ दिवस राबत होती. करंज्या, शेव, अनारसे, आणि जावयाला आवडतं म्हणून चुलीवरचं तिखट वांग्याचं भरीत. दाजींनी बाळूसाठी लोणावळ्याच्या बाजारातून टिकल्यांच्या डब्या आणल्या होत्या. दगडाने ठेचली की फट् वाजणारी लाल कागदाची टिकली. बाळू एकेक ठेचत होता, आणि प्रत्येक फट्ला दाजींचा खांदा जरासा उडत होता. ते नानांच्या नजरेतून कसं सुटेल?

"काय दाजी, दिसभर इंजनात बसता, शिट्टीला भेत न्हाई, आन टिकलीला भेता?"

ओसरीवर सगळे हसले. आक्का दारात पोह्यांचं ताट घेऊन उभी होती, तीही तोंडाला पदर लावून हसली. नव्या जावयाची चेष्टा करायची हा रिवाजच आहे, आणि ती हसून सोसायची हाही. पण बायको हसली की नव्या नवऱ्याला काहीतरी करून दाखवावंसं वाटतं. दाजी लाल झाले. तेवढ्यात आबा उठले. "थांबा, आमची मर्दानी दावतो तुमाला," म्हणून स्वयंपाकघरात गेले. आई चुलीपुढे होती. ती काय म्हणाली ते आम्हाला ऐकू आलं, कुडातून सगळंच ऐकू यायचं. "काढताय न्हवं? परत हितं ठिवू नगा मातर." आबा म्हणाले, "न्हाई ठेवत, बाई."

दाजींनी बंदूक हातात घेतली तशी त्यांची लाज गेली. लोखंडाचं माणूस ते. घोडा मागेपुढे करून पाहिला, नळीवरून बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "भरलेली आहे का?" एवढा एक शहाणा प्रश्न त्या दिवशी आमच्या ओसरीवर कोणी विचारला असेल तर तो त्यांनीच. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे लोकांनी त्यांना काय काय म्हटलं ते मी ऐकलं आहे.

"हाय, पन मेलीये," आबा म्हणाले. "दसऱ्याला तीन टोप्या खाल्ल्या, ढिम्म हलली न्हाई. आन आता टोपीच न्हाई."

"टोपी कशाला पायजे?" नाना म्हणाले. "टिकली लावा दाजी, आन वाजवा तुमीच. भ्या तरी मोडंल."

बाळूने टिकली आणून दिली. दाजींनी ती घोड्याखाली ठेवली. त्यांच्या हातातली नळी फिरत फिरत बाळूकडे आली तशी आबांनी ती धरून बाजूला केली. "पोराकडं नगं. भितीकडं करा तोंड." आणि आबांनी स्वतःच्या हाताने नळी कुडाकडे वळवली.

पलीकडून थप थप थप आवाज येत होता. आम्हाला सगळ्यांना येत होता. तो आवाज म्हणजे तिथं आई बसली आहे, इथून चार हातांवर, हे आमच्यातल्या कोणाला कळत नव्हतं असं नाही. पण भिंत ती भिंत, आणि मेलेली ती मेलेली. इतक्या वर्षांनी मला राग येतो तो त्या काळजीचाच. आबांनी काळजी घेतली होती. ती घेतली नसती, तर काय झालं असतं ते मनात आणायचीही मला भीती वाटते, कारण मग नळीसमोर बाळू होता.

दाजींनी घोडा ओढला. आवाज एवढा झाला की गोठ्यातल्या म्हशीने दावं तोडलं. ओसरी धुराने भरली. बाळू टाळ्या पिटू लागला, आणि धुरातून नानांचा आवाज आला, "आयला, जित्ती हाय की वो!" आबा हसले. मीही हसले. क्षणभर सगळं घर हसत होतं. मग कुडातून एक ढेकूळ सुटून खाली पडलं, आणि आक्का म्हणाली, "आई?"

थपथप थांबली होती.

आई ओरडली नव्हती. ती तशीच पाटावर बसली होती, डाव्या हाताने उजवं मनगट गच्च धरून. त्या मनगटाच्या पुढे काय होतं ते मी लिहीत नाही. तिने आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आक्के, तव्यावरची करपंल, ती काढ आदी." आक्काने खरोखरच वाकून ती भाकरी काढली.

बैलगाडीतून मळवलीला आणि तिथून गाडीने पुण्याला. दाजींनी ड्रायव्हर-गार्डांच्या हातापाया पडून वाट मोकळी केली असं मागाहून कळलं. मोठ्या दवाखान्यात आईचा हात मनगटाच्या वर कापला. जीव वाचला. फौजदार आला तेव्हा आबा पुढे झाले, "पुसत हुतो, माज्याच हातनं उडाली." दाजी काही सांगायला उठले, आबांनी त्यांचा खांदा दाबून त्यांना खाली बसवलं. बंदूक गेली, लायसन गेलं. भिंतीतलं भोक नानांनी दुसऱ्याच दिवशी लिंपून टाकलं. ते वाळलं, पण त्याचा रंग बाकी भिंतीशी कधी जुळला नाही.

दाजी दर सुट्टीला लोणावळ्याहून पुण्याला जात आणि दवाखान्याच्या फाटकाशी उभे राहून परत येत. आत जायची त्यांची छाती होत नसे. आक्का आत जाई, रडे, बाहेर येई. एक दिवस आईनेच विचारलं, "त्या दिशी जावई जेवले का गं?" आक्काने नाही म्हणून मान हलवली. "म्हंजे उपाशीच गेले. दिवाळसनाचं मानूस माज्या दारातनं उपाशी गेलं." तिने दाजींना आत बोलावून घेतलं आणि दवाखान्याच्या ताटातली चपाती डाव्या हाताने त्यांच्यापुढे सरकवली. दाजींनी ती खाल्ली. आक्का सांगे, ती खाताना ते जितके रडले तितके नंतर आपली आई गेली तेव्हाही रडले नाहीत. त्यांचा संसार मोडला नाही, पण त्यांच्या घरात दिवाळीला कधी टिकली वाजली नाही, आणि आमच्याकडे येऊन ते ओसरीवर कधी बसले नाहीत. अंगणातच बसायचे.

परवा माझ्या पणतवाने प्लास्टिकची बंदूक माझ्यावर रोखली. मी ती इतक्या जोरात हिसकावली की पोर रडायला लागलं. नातसून म्हणाली, "आजी, खोटी आहे हो ती." मी म्हटलं, खोटी आहे हे मलाही दिसतंय. आमच्याकडची तर मेलेली होती.

आई घरी आली, पण चुलीपुढे बसेना. डाव्या हाताने तिने पुष्कळ काही शिकून घेतलं. तांदूळ निवडणं, दळण घालणं, बाळूला न्हाऊ घालणं. भाकरी मात्र एका हाताने थापता आली तरी उचलून तव्यावर टाकता येत नाही, मोडते. दोनदा तिने करून पाहिली, दोन्ही वेळा मोडली, आणि तिसऱ्यांदा परातीला हात लावला नाही. मग मी करू लागले. माझ्या भाकऱ्या चिरायच्या ते आपसूक बंद झालं. आबा समोर बसून जेवत. ज्या माणसाचं हसणं ओढ्यापलीकडे ऐकू यायचं, तो माणूस ताटात बघून जेवायचा आणि उठायचा. त्यांनी माफी मागितलेली मी कधी ऐकली नाही. त्या काळचे पुरुष बायकोची माफी मागत नसत, आणि मागून तरी काय मागणार?

मग माझं लग्न झालं आणि मी तळेगावला गेले. जाताना एकच घोर होता, आता घरात भाकरी कोण करणार? नानांचं घर वेगळं झालं होतं, बाळू लहान. पहिल्या नागपंचमीला मी माहेरी आले. पाऊस चालला होता, इरलं घेऊन मागच्या दाराने अंगणात शिरले, आणि माझे पाय तिथंच थांबले. आतून थप थप थप आवाज येत होता. वेडं मन बघा, एका क्षणात मला वाटलं की आईचा हात परत आला. मी चिखलाच्या पायांनी तशीच आत धावले.

आई भिंतीशी बसली होती, आणि चुलीपुढे पाटावर आबा होते. फेटा काढून ठेवलेला, कोपरापर्यंत पीठ, कपाळाला पीठ. गावातला एवढा मानाचा माणूस. पुढे मला कळलं की चावडीवर लोक त्यांना "आबाबाई" म्हणत, आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. त्यांनी वर पाहिलं. मला वाटलं, ते उठतील, परात माझ्याकडे सरकवतील. ते उठले नाहीत. "बस," म्हणाले. "गरम खा."

मी बसले. चुलीवरच्या खुंट्यांवर काही नव्हतं. त्या दिवाळीनंतर आबांनी तिथं साधं घोंगडंही टांगू दिलं नव्हतं. त्यांनी पुढचा गोळा घेतला आणि थापायला लागले. भाकरी एका बाजूला चिरली, माझी चिरायची तशीच. ते थांबून तिच्याकडे बघत राहिले.

"जोर नगा लावू," आई भिंतीशी बसूनच म्हणाली. "हात नुसता ठिवा."

आबा म्हणाले, "तू म्हनलीतीस. नळीत पानी वता म्हनलीतीस, तवाच."

पदराआडचा तो आखूड हात आईने जरासा पुढे केला आणि हवेत, परातीपासून दूर, हळूच खालीवर हलवून दाखवला. आबांनी त्याकडे पाहिलं, पाण्यात बोटं बुडवली आणि चिरलेली भाकरी सांधायला घेतली.